परत फिरायची खूण

त्या दुपारी पहिल्या खुर्चीत बसून आपल्या पदरात काय काय पडेल, याची मांडणी जावईबापूंनी मनाशी केव्हाच करून ठेवली होती. एक, विद्यापीठाच्या संगीत विभागात खोली. खिडकी असलेली, दारावर नावाची पाटी असलेली, आणि विद्यार्थी जिथे आपल्या पायांनी चालत येतात अशी. आजवर तेच व्हायोलिनची पेटी खांद्याला लावून लोकांच्या दिवाणखान्यांत शिकवायला जात आले होते. कुठे बसायच्या सोफ्यावर इस्त्रीच्या कपड्यांची चळत, कुठे शिकणाऱ्या मुलीपेक्षा तिच्या आईलाच जास्त कळणारं. दोन, कायमची नोकरी, म्हणजे सासरच्या गोतावळ्यात "सध्या काय चाललंय?" या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर. आणि तीन, जे ते कोणाला सांगत नसत आणि सगळ्यांना ठाऊक होतं: वीसेक वर्षं अंगाला चिकटलेला "दुसरा" हा शब्द एकदाचा सुटला असता.

चौघांची ही चौकडी. दोन व्हायोलिनं, एक व्हायोला, एक चेलो. पहिलं व्हायोलिन दादांचं. व्हायोला, म्हणजे जरा मोठं आणि खालच्या सुराचं व्हायोलिन, त्यांच्या धाकट्या बहिणीचा. तिचे केस निम्मे पांढरे झाले तरी घरात आणि घराबाहेर ती बेबीच. चेलोवाल्याचं नाव पहिलवान, कारण एवढं मोठं वाद्य उचलून जिने चढणारा हा माणूस अंगानं काडी होता. आणि दुसरं व्हायोलिन वाजवणारे हे बेबीचे यजमान. लग्न ठरलं तेव्हा दुसऱ्या व्हायोलिनची जागा रिकामी होती. जागा आधी मिळाली की नवरी, यावर पहिलवान अजून विनोद करी. चौकडीत शिरले ते जावई म्हणून, आणि जावईबापूच राहिले.

दुसरं व्हायोलिन वाजवणं म्हणजे कमी वाजवणं नव्हे. पण ते पहिल्याच्या मागून चालणं नक्कीच आहे. पहिल्यानं श्वास घेतला की आपण घ्यायचा, तो रेंगाळला की रेंगाळायचं, तो पळाला की आपण आधीपासूनच पळत होतो असं दाखवायचं. जावईबापू या कामात इतके तयार होते, की दादांना जेवताना ठसका लागणार हेही त्यांना घासाआधी कळे. पाण्याचा पेला सरकवलेला असे.

विद्यापीठानं एका चौकडीला कायमची आपल्याकडे ठेवून घ्यायचं ठरवलं, आणि तंतुवाद्यांच्या मुख्य शिक्षकाची जागाही त्याच चौघांतून भरायची असं ठरलं. दादांचं वय नियमाबाहेर गेलेलं. पहिलवानाला शिकवायचा कंटाळा. विद्यार्थी बेसूर वाजवू लागला की त्याला झोप येई. व्हायोला शिकवणाऱ्या एक तरुण बाई विभागात आधीच होत्या, त्यामुळे बेबीला कोणी विचारलंच नाही. उरले जावईबापू. विभागप्रमुख मॅडमनी त्यांना बोलावून चहा पाजला आणि गोड शब्दांत पाचर मारली: तुम्ही उत्तम वाजवता यात वाद नाही, पण मुख्य शिक्षकाला पुढे होऊन चार माणसं नेता आली पाहिजेत. समितीसमोरच्या कार्यक्रमात एक रचना पहिल्या खुर्चीत बसून वाजवा, म्हणजे आम्हालाही निर्णय सोपा जाईल.

म्हणजे घोडं दादांपाशी अडलं. हा विषय दादांपुढे काढायला जावईबापूंना चार दिवस लागले, आणि शेवटी काढला तो बेबीनंच. दादा आश्चर्य वाटावं इतक्या पटकन हो म्हणाले. एवढंच म्हणाले, की खुर्ची काय, लाकडाचीच असते.

अडचण खुर्चीची नव्हतीच. ती दादांच्या नाकाची होती. सुरुवात करताना दादा नाकानं असा श्वास ओढत, की तिसऱ्या रांगेला ऐकू जावा. सरावाला ते दुसऱ्या खुर्चीत बसले, जावईबापूंनी पहिल्या खुर्चीतून व्हायोलिन उचललं, आणि तेवढ्यात दुसऱ्या खुर्चीतून "सूं" झालं. तिघांनी त्या "सूं"वर सुरुवात केली. जावईबापूंनीही केली. पुन्हा थांबले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बेबीनं गज मांडीवर ठेवला.

"दादा, मागच्या खुर्चीत बसलास की नाकसुद्धा मागे ठेवायचं. श्वास नाही, मान नाही, भुवई नाही. तू कागदात बघून वाजवायचंस."

"आणि हे चुकले तर?"

"तर चुकतील. समितीला तू दिसायला नकोस."

दादांनी पहिलवानाकडे पाहिलं. पहिलवान चेलोच्या तारांवरची राळ फडक्यानं पुसू लागला. मग दादांनी बहिणीला शब्द दिला. दादांचे दुर्गुण मोजायला बसलं तर संध्याकाळ पुरणार नाही, पण दिलेला शब्द ते पाळत.

दुसरी भानगड निघाली ती परत फिरायची. त्या रचनेच्या पहिल्या भागाचा साधारण एक तृतीयांश संपतो तिथे कागदावर जाड रेघ आणि दोन ठिपके असतात. अर्थ एवढाच, की पुन्हा सुरुवातीला जा आणि हे सगळं आणखी एकदा वाजवा. काही मंडळी कागदाचं ऐकतात, काही सरळ पुढे जातात. बहुतेक चौकड्या हे घरीच ठरवून येतात. या चौकडीत मात्र दादांचा खाक्या निराळा होता. सभागृहाचा रागरंग पाहून ते ऐनवेळी ठरवत. लोक खोकायला, चुळबुळायला लागले असतील तर पुढे. जीव लावून ऐकत असतील तर मागे. ठिपक्यांच्या जरा आधी बाकी तिघांची नजर दादांकडे जाई. दादांनी व्हायोलिन थोडं वर उचललं की मागे फिरायचं, व्हायोलिन जिथल्या तिथे राहिलं की पुढे. प्रेक्षकांना यातलं काही कळत नसे. इतक्या वर्षांत ही खूण कधी चुकली नव्हती, आणि तिचा दादांना स्वतःच्या वाजवण्यापेक्षाही जास्त अभिमान होता.

जावईबापूंनी सुचवून पाहिलं, की यावेळी आधीच ठरवून टाकू. परतच फिरू.

दादा म्हणाले, ठरवूनच वाजवायचं तर टेप लावा की, चार माणसं कशाला बोलावता. पहिलवानानं मान डोलावली. शेवटी ठरलं असं, की रीत मोडायची नाही. खूण पहिल्या खुर्चीतला माणूस करेल. जावईबापूंनी जरा कुरकुर केली, पण आतून त्यांना गुदगुल्याच झाल्या. खूण करायची म्हणजे काय थोडी गोष्ट आहे? सगळं सभागृह मागे न्यायचं की पुढे, ते आपल्या मनगटावर.

फक्त एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही. सरावात ही मंडळी कधी परत फिरतच नसत. जे आत्ताच वाजवलं ते पुन्हा कशाला, म्हणून ठिपके आले की सरळ पुढे. वर्षानुवर्षं तसंच चाललेलं. त्यामुळे जावईबापूंनी सगळी रचना घोटून घोटून बसवली. जी गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा करायची होती, तेवढी सोडून.

कार्यक्रम दुपारचा. विद्यापीठाचं सभागृह म्हणजे एरवी भाषणांची जागा. व्यासपीठावरचं लांब टेबल हलवलं होतं तरी जमिनीवर त्याच्या पायांचे चार पांढरट ठसे उरले होते, आणि चेलोचा खिळा त्यातल्याच एका ठशात रोवून पहिलवान बसला. हजेरी लावलेली पोरं मागच्या दारापाशी, जायला सोयीचं पडावं म्हणून. समितीची तीन माणसं चौथ्या रांगेत, मध्ये विभागप्रमुख मॅडम. वातानुकूलन यंत्र एका सुरात घुमत होतं आणि तो सूर रचनेच्या सुरापेक्षा किंचित खाली होता. पहिलवान म्हणाला, पाचवा वादकही दिलाय बघा यांनी.

पहिली रचना नेहमीसारखी झाली, दादा पुढे, जावईबापू मागे. मग दोघे उठले आणि खुर्च्या बदलल्या. हे काम साधं, पण भर व्यासपीठावर दोन पोक्त माणसं आपापले कागद घेऊन एकमेकांना वाट देताना पाहून मागे कोणीतरी खुसखुसलं.

जावईबापूंनी श्वास घेतला. सुरुवात झाली. दादांचं नाक खरोखरच गप्प होतं. आणि सांगायला हरकत नाही, जावईबापूंनी झकास वाजवलं. वीस वर्षं दुसऱ्याची चाल ऐकून कान असा तयार झालेला, की कोण कुठे अडखळणार ते त्यांना आधी कळे, आणि ते तिथे आधीच जागा करून ठेवत. दादांच्या वाजवण्यात जी घाई असे ती नव्हती. मागची पोरं फोन खाली ठेवून ऐकू लागली. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. बेबी समोरून नवऱ्याकडे पाहत होती, ते नजरेनं शाबासकी देण्याइतकं उघड नव्हतं, पण त्याच्या जवळपास होतं.

ठिपके जवळ आले. सभागृह इतकं शांत, की परतच फिरायचं यात जावईबापूंच्या मनात शंकाच नव्हती. आणि नेमक्या त्या क्षणी त्यांची मान वळली.

वळली ती दादांकडे. ठिपके आले की दादांकडे बघायचं, हे त्या मानेला इतकं पाठ होतं, की आज खूण आपण करायची आहे हे तिला कोणी सांगितलंच नसावं. मान वळली, हनुवटी उचलली गेली, आणि हनुवटीखालचं व्हायोलिनही चार बोटं वर आलं. समोर बेबीनं ते पाहिलं: मागे. पहिलवानानं पाहिलं: मागे. दादांनी दिलेल्या शब्दाला जागून मान हलवली नव्हती, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांनाही दिसलं: मागे. आणि जावईबापूंना काय दिसलं? दादांचं व्हायोलिन जिथल्या तिथे. म्हणजे पुढे.

तिघं मागे फिरले आणि जावईबापू एकटेच पुढे निघाले.

दोन चांगल्या गोष्टी एकावर एक ठेवल्या की काय होतं, ते पुढचे काही क्षण त्या सभागृहानं ऐकलं. अशा वेळी रीत अशी, की एकट्यानं तिघांत यायचं. जावईबापूंना ते कळत होतं. पण हात थिजले म्हणजे थांबतात असं नाही. त्यांचे हात थिजले ते चालूच राहिले. घाबरलेला माणूस जसा रस्त्याच्या मधोमध सरळ चालत सुटतो तसे ते वाजवत सुटले.

तेव्हा बेबीनं थांबायचं ठरवलं. परत फिरण्यासाठी तिनं कागद मागे उलटलेला होता. तो तिनं सगळ्यांदेखत पुन्हा पुढे उलटला, नवरा कुठे पोहोचलाय ते ऐकलं, आणि तिथे जाऊन व्हायोला इतका मोठ्यानं वाजवला, की दादांना आणि पहिलवानाला रस्ता दिसला. दोघांनी उडी मारली. गाडी रुळावर आली. पुढचं सगळं नीट पार पडलं, टाळ्याही पडल्या.

चौथ्या रांगेतून जे दिसलं ते मात्र असं: पहिलं व्हायोलिन शांतपणे पुढे चाललंय, आणि व्हायोलावाल्या बाई थांबून पानांची उलटापालट करतायत.

नंतर बाजूच्या खोलीत चहा होता. समितीतले दोघे बिस्किटं घेऊन खिडकीपाशी गेले. मॅडम चौघांपाशी आल्या, कौतुक केलं, आणि मग अगदी सहज विचारलं, की पहिल्या भागात मध्येच काही झालं का, की आमच्याच कानांचा दोष.

जावईबापू कपात बघत होते. उत्तर त्यांच्या तोंडाशी आलं होतं असं ते पुढे स्वतःला सांगत आले, आणि आलं असेलही. पण तोंडाशी चहाही होता.

"माझ्याकडून पान उलटलं गेलं," बेबी म्हणाली. "यांनी धरून ठेवलं म्हणून निभावलं."

मॅडमनी समजूतदारपणे मान हलवली. पटायला अवघड असं काही नव्हतंच. या धंद्यात व्हायोलावाल्यांवर जेवढे विनोद आहेत तेवढे बाकी सगळ्या वाद्यांवर मिळून नसतील, आणि कुठेही काही बिघडलं की लोक आधी तिकडेच बघतात. दादांनी बहिणीकडे पाहिलं, मग मेहुण्याकडे, मग स्वतःच्या बुटांकडे. बोलायचं नाही असा शब्द काही त्यांनी दिला नव्हता. तरी ते बोलले नाहीत. मॅडम गेल्यावर पहिलवान हळूच म्हणाला, "बेबी, ते विनोद खरे करायला निघालीस होय?" यावर ती हसली, आणि हसल्यामुळे विषय संपला.

घरी जाताना जावईबापूंनी गाडी सिग्नलला थांबली तेव्हा विचारलं. त्याआधी विचारणं त्यांना जमलं नाही.

"तू असं का म्हणालीस?"

"तुम्ही काही म्हणत नव्हता म्हणून."

सिग्नल सुटला. मागच्यानं हॉर्न दिला आणि जावईबापूंना ते बरंच वाटलं.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी त्यांना एकट्यालाच बोलावलं. जागा तुमची, असं आधीच सांगून टाकलं. समितीवर खास छाप पडली ती त्या मधल्या गोंधळात दाखवलेल्या स्थिरपणाची. तिघं विस्कटले आणि एक माणूस ढळला नाही, हेच आम्हाला मुख्य शिक्षकात हवं होतं. जावईबापूंनी मान खाली घातली. ती नम्रता समजली गेली.

मग मॅडमनी टेबलावरची पिन सरळ केली आणि मूळ मुद्द्यावर आल्या. चौकडी विद्यापीठाची होणार, तर आमच्या व्हायोलाच्या शिक्षिकेलाही तीत जागा मिळावी असं विभागाला वाटतं. तरुण आहे, हात साफ आहे. तुमच्या मिसेसचा अनुभव मोठाच, पण परवाचं पाहता त्यांनाही आता जरा विश्रांती… अर्थात घरचा मामला आहे, तुमची हरकत असेल तर हा विषय इथेच सोडून देऊ.

इतकं सरळ दार कोणी कोणासाठी उघडून धरत नाही. एक वाक्य पुरलं असतं: चूक तिची नव्हती, माझी होती. पण त्या वाक्यामागे लगेच दुसरं उभं होतं: मग स्थिरपणा कोणाचा? जावईबापूंनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर कोणीतरी सायकलींची रांग लावत होतं. एक आडवी झाली की शेजारच्या चार घेऊन पडे.

"विभागाची जशी पद्धत असेल तशी," ते म्हणाले.

मॅडमना हे उत्तर फार आवडलं.

घरी बेबी ओट्यापाशी भांडी पुसत होती. त्यांनी आधी नोकरीचं सांगितलं. तिनं हात पुसले, आनंद झाल्याचं म्हटलं, आणि तो झालेलाही होता. मग त्यांनी उरलेलं सांगितलं, जरा गोल गोल करत, विभागाचं धोरण, तरुणांना संधी वगैरे.

"त्यांनी तुम्हाला विचारलं, की नुसतं सांगितलं?"

हा प्रश्न ती विचारेल असं त्यांना वाटलं नव्हतं. खोटं बोलायला एक क्षण हवा होता तो मिळाला नाही.

"विचारलं."

"आणि?"

"मी म्हटलं, विभागाची पद्धत असेल तसं."

बेबीनं पुसलेली ताटली पुन्हा एकदा पुसली आणि फळीवर ठेवली. "बरं," म्हणाली. भांडण झालं असतं तर जावईबापूंच्या बाजूनंही बोलण्यासारखं थोडं होतं. मी कुठे सांगितलं होतं तुला पुढे व्हायला, असं काहीतरी. ते त्यांनी बरेच दिवस तयार ठेवलं. वेळच आली नाही.

दादांना कळलं तेव्हा ते रागावले, दोन दिवस जावईबापूंशी बोलले नाहीत, आणि बहिणीला म्हणाले, मी जाऊन खरं काय ते सांगतो. ती म्हणाली, आता सांगून काय, यांची नोकरी जाईल आणि माझी खुर्ची काही यायची नाही. चूक माझी म्हटलं, ते मीच म्हटलं. दादा गेले नाहीत. पुढे बोलूही लागले. चौकडी तर चालवायची होतीच.

सगळं बसल्यावर कोणाला काय मिळालं ते पाहिलं तर असं दिसतं. जावईबापूंना खोली मिळाली, पाटीही, फक्त खिडकी उघडत नाही. पहिली खुर्ची त्यांनी पुन्हा कधी मागितली नाही, त्यामुळे ती दादांकडे आपसूक परत गेली, नाकासकट. पहिलवानाला लिफ्ट असलेली इमारत मिळाली. तरुण बाईंना व्हायोलाची जागा मिळाली, आणि चांगल्या वाजवतात त्या, कोणी नाव ठेवू नये. विद्यापीठाला चौकडी मिळाली.

चूक जावईबापूंची होती. शब्द पाळून खूण रोखून धरली ती दादांनी. दिसलं तेवढंच खरं मानलं ते समितीनं. भरपाई बेबीनं केली. चहाच्या वेळी एका वाक्यानं, आणि नंतर बाकीची सगळी.